भूल कोण देणार आणि श्वास कोण बघणार?

मागच्या अंकात दुधाच्या दातांच्या किडीबद्दल लिहिताना मी एका ओळीत म्हणून गेले होते की फारच घाबरणाऱ्या लहानग्यांचे दात सेडेशन, म्हणजे गुंगी आणणारं औषध, देऊन किंवा पूर्ण भूल देऊनही करता येतात. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेल आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. मी लहान मुलांचे दात बघते, भूल देत नाही. भूल देणारे वेगळे असतात आणि ते वेगळेच असायला हवेत, हे आधीच सांगून ठेवते कारण खालच्या बऱ्याच उत्तरांत मी फिरून तिथेच येणार आहे. पत्र लिहिणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत, गाव तेवढं ठेवलंय.

माझी मुलगी ४ वर्षांची आहे. ८ दात किडलेत, त्यातल्या दोन दाढा रात्री ठणकतात. दोन डॉक्टरांकडे नेलं पण खुर्ची दिसली की किंचाळते, तोंडच उघडत नाही. आता लहान मुलांच्या डेंटिस्टनी सांगितलंय की हॉस्पिटलमधे पूर्ण भूल देऊन सगळं एकदाच करून टाकू. सासूबाई म्हणतात दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत, त्यासाठी भूल कशाला. मिस्टरांनी नेटवर वाचलं की भुलेने मेंदूवर परिणाम होतो. मला आठ दिवस झोप नाही. (एक आई, सातारा)

ताई, तुमची झोप का उडालीय ते अगदी समजतं. पोटच्या पोरीला दुसऱ्यांच्या हातात बेशुद्ध करायला द्यायचं आणि आपण दाराबाहेर बसायचं, अवघडच असतं ते. एकेक करून बोलू.

सासूबाईंचं म्हणणं पुढच्या दातांपुरतं बरंचसं बरोबर आहे, ते सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतातच. पण दाढांचं तसं नाही. दुधाच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात म्हणजे तुमच्या लेकीला त्या अजून ६ ते ८ वर्षं वापरायच्यात. आणि रात्री आपोआप ठणकणारी दाढ म्हणजे कीड दाताच्या आतल्या नसेला पोचलीय, त्याच्या पुढची पायरी पू, गालाला सूज, ताप. ही सूज डोळ्याकडे चढली किंवा गळ्याकडे उतरली की ॲडमिट करून सलाईनमधून अँटिबायोटिक द्यावं लागतं आणि मग हीच भूल कधीकधी घाईत, तापातल्या पोराला द्यायची वेळ येते. दुधाच्या दाढेच्या खालीच पक्क्या दाताचा अंकुर वाढत असतो, वरचा पू खाली उतरत राहिला तर तो पक्का दात डागळलेला नाहीतर खडबडीत येऊ शकतो. आणि अजून एक, ४ वर्षांचं मूल दुखतंय असं दरवेळी म्हणत नाही, ते नुसतं पोळी नको भातच दे म्हणायला लागतं, एकाच बाजूने चावतं, घास गालात धरून बसतं. सासूबाईंना विचारा गेल्या काही महिन्यांत असं काही झालंय का, आजीच्या बरोबर लक्षात आलेलं असतं.

आता मेंदूचं. मिस्टरांनी वाचलंय ते कुठून आलंय सांगते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०१६ मधे इशारा दिला होता की ३ वर्षांखालच्या मुलांना भुलेची किंवा सेडेशनची औषधं ३ तासांहून जास्त वेळ किंवा पुन्हा पुन्हा दिली तर वाढत्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो. ३ वर्षांखाली, ३ तासांहून जास्त, पुन्हा पुन्हा. नेटवर फिरता फिरता हे सगळं गळून पडतं आणि भुलेने मेंदू खराब होतो एवढंच उरतं. त्याच काळात जीएएस (GAS) नावाचा एक मोठा अभ्यास बऱ्याच देशांत मिळून चालू होता. तान्ह्या बाळांची हर्नियाची ऑपरेशनं होती, काहींना पूर्ण भूल दिली, काहींना जागं ठेवून फक्त खालचा भाग बधीर केला, आणि ती मुलं ५ वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्धी तपासली. २०१९ मधे निकाल आला, दोन्ही गटांत फरक नव्हता. ती भूल साधारण तासाभराची होती हे मुद्दाम सांगते, कारण तुमच्या लेकीच्या ८ दातांना दीड-दोन तास किंवा थोडा जास्तही वेळ लागू शकतो, म्हणजे तो अभ्यास तिला तंतोतंत लागू होत नाही. पण ती ३ वर्षांच्या पुढे आहे, भूल एकदाच आहे, आणि दुसऱ्या बाजूला रोज दुखणारा, पू धरू शकणारा संसर्ग आहे. माझी स्वतःची मुलगी असती तर मी हो म्हटलं असतं.

सगळं एकदाच का, तर ८ दात म्हणजे कोऑपरेट करणाऱ्या मुलालासुद्धा ४-५ बैठका, काही दाढांचं रूट कॅनाल, त्यावर स्टीलच्या कॅप, एखादा काढायचा. जी मुलगी तोंडच उघडत नाही तिला हलक्या सेडेशनमधे हे सगळं करायचं म्हणजे चार-पाच वेळा औषध, चार-पाच वेळा उपाशी ठेवणं, आणि प्रत्येक वेळी ते औषध लागू पडेल याची खात्री नाही.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. भूल द्यायची की नाही यावर घरात आठ दिवस चर्चा होते पण खरा प्रश्न कुणी विचारत नाही, की डेंटिस्टचे दोन्ही हात पोरीच्या तोंडात असताना तिच्या श्वासाकडे कोण बघणार आहे. आमचं काम तोंडात चालतं आणि श्वासाची वाटही तिथूनच जाते, तिथेच पाणी, तिथेच रक्त, तिथेच कापूस. लहान मुलाची जीभ तोंडाच्या मानाने मोठी, टॉन्सिल मोठे, वाट अरुंद, आणि वजनाच्या मानाने त्यांना ऑक्सिजन मोठ्या माणसापेक्षा जास्त लागतो, म्हणून श्वास अडला तर त्यांच्याकडे वेळ फार थोडा असतो. कोविडात घराघरात आलेली ती बोटाची क्लिप तुम्हाला माहितीये, ती उपयोगी आहेच पण तिच्यावरचा आकडा श्वास थांबल्यावर लगेच पडत नाही, थोड्या वेळाने पडतो, आणि नाकातून ऑक्सिजन चालू असेल तर अजूनच उशिरा. म्हणून प्रत्येक श्वास दाखवणारं मशीन असतं, कॅप्नोग्राफ म्हणतात, आणि त्या मशीनकडे आणि पोराच्या छातीकडे बघणारं, दुसरं कुठलंही काम नसलेलं माणूस असतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि मुलांच्या डेंटिस्टांच्या संघटनांनी २०१९ मधे त्यांची संयुक्त नियमावली सुधारली तेव्हा हेच स्पष्ट केलं, की डेंटल क्लिनिकमधे खोल सेडेशन किंवा पूर्ण भूल द्यायची तर काम करणारा डेंटिस्ट वेगळा आणि भूल देऊन लक्ष ठेवणारा तज्ज्ञ वेगळा, आणि बंद पडलेला श्वास परत सुरू करायचं मुलांसाठीचं ट्रेनिंग दोघांनाही हवं.

म्हणून ताई, संकोच न करता विचारा. भूल कोण देणार, ते भूलतज्ज्ञ आहेत का, लहान मुलांना नेहमी देतात का, काम संपून ती नीट जागी होईपर्यंत थांबणार का. कॅप्नोग्राफ आहे का. काही बिघडलं तर याच इमारतीत आयसीयू आहे का, नसेल तर किती मिनिटांवर. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही, मला तर विचारणारे आईबाप आवडतात. आणि कुणी चिडलंच तर ते उत्तर समजा आणि दुसरीकडे दाखवा. तुम्हीही काही लपवू नका, ती रात्री घोरते का, झोपेत श्वास अडून दचकते का, दमा, फिट, हृदयाला छिद्र, कसली ॲलर्जी, घरात कुणाला भुलेचा त्रास झाला होता का, सगळं सांगायचं, विचारलं नाही तरी सांगायचं.

त्या दिवशी काय होतं तर बहुतेक ठिकाणी आधी मास्कने गॅस हुंगवून झोपवतात म्हणजे जागेपणी सुई नाही, मग झोपेत सलाईन लावतात, नाकातून श्वासाची नळी घालतात म्हणजे तोंड आम्हाला मोकळं मिळतं. उठल्यावर ती बहुतेक खूप रडेल, तुम्हाला ओळखत नसल्यासारखी हातपाय झाडेल, बऱ्याच मुलांचं अर्धा तास असं होतं आणि आपोआप शांत होतं. हे आधी माहीत नसेल तर आईचा जीव जातो म्हणून लिहिलं. नाकातून थोडं रक्त, घसा खवखवणं, एखादी उलटी हेही होऊ शकतं. आणि त्या आठवड्यात सर्दी, खोकला, ताप आला तर लपवून नेऊ नका. तारीख दोन-तीन आठवडे किंवा जास्त पुढे गेली तरी जाऊ दे, सर्दीत श्वासाची वाट फार चिडकी झालेली असते.

आणि घरी आल्यावर झोपताना दुधाची बाटली चालू असेल तर ती बंदच, नाहीतर राहिलेले दात त्याच वाटेने जातील.

मुलगा ६ वर्षांचा, एक दाढ भरायचीय. डॉक्टर म्हणाले लाफिंग गॅस देऊ. तो बेशुद्ध होणार का, की हसत सुटणार? आम्ही शाकाहारी आहोत आणि मागच्या वर्षी त्याचं बी-ट्वेल्व कमी आलं होतं, कुणीतरी म्हणालं मग हा गॅस चालत नाही. (एक बाबा, पिंपरी)

बी-ट्वेल्वचं तुम्ही विचारलंत याचा मला खूप आनंद झाला कारण हे फार कमी लोक विचारतात आणि आपल्याकडे शाकाहारी घरांत ही कमतरता खूप दिसते. लाफिंग गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड शरीरातलं बी-ट्वेल्व निकामी करतो. निरोगी मुलाला एकदा अर्धा तास दिला तर त्याने फरक पडत नाही पण आधीच कमी असेल तर डॉक्टरांना माहीत असलंच पाहिजे. मागच्या वर्षीचा रिपोर्ट घेऊन जा, त्यानंतर गोळ्या-इंजेक्शनं झाली असतील तर एकदा परत तपासून घ्या. दाढ ठणकत नसेल तर त्यासाठी थोडं थांबायला काहीच हरकत नाही.

बाकी हा गॅस सेडेशनमधला सगळ्यात सौम्य प्रकार आहे. मूल बेशुद्ध होत नाही, बोलतं, सांगितलं की तोंड उघडतं, फक्त त्याला जरा हलकं, तरंगल्यासारखं वाटतं, बोटांना मुंग्या येतात, भीती बोथट होते. नाकावर छोटा मास्क असतो, आधी नुसता ऑक्सिजन, मग गॅस थोडा थोडा वाढवत नेतात, सहसा ३० ते ५० टक्क्यांच्या आसपास, बाकीचा ऑक्सिजनच असतो. तीन-चार मिनिटांत लागू पडतो आणि काम झालं की ५ मिनिटं परत शुद्ध ऑक्सिजन देतात म्हणजे सगळा निघून जातो आणि पोरगं चालत घरी जातं. पण दोन गोष्टी. नाक बंद असेल तर उपयोग शून्य, कारण नाकानेच ओढायचाय, आणि नुकताच कान फुटला असेल, कानाला इन्फेक्शन असेल तरी सांगा. दुसरं म्हणजे मुलाला मास्क नाकावर ठेवून द्यायला हवा, जे पोर जवळच येऊ देत नाही त्याला हा गॅस उपयोगाचा नाही, ६ वर्षांचा समजूतदार पण घाबरट मुलगा हे याचं अगदी बरोबर गिऱ्हाईक. दाढ बधीर करायचं इंजेक्शन बहुतेक तरीही लागेल, गॅसने ते चाललेलं त्याला फारसं जाणवत नाही इतकंच. मुलाची आई गरोदर असेल तर सांगा, गॅस चालू असताना त्यांनी त्या खोलीत थांबू नये.

माझ्या मुलांना मी एक गोष्ट सांगते, तुम्हीही सांगा. १८४४ च्या डिसेंबरात अमेरिकेत हार्टफर्ड गावी या गॅसचा करमणुकीचा खेळ चालला होता. गॅस हुंगलेल्या एका माणसाचा पाय धडपडून सोलवटला आणि त्याला ते कळलंच नाही. प्रेक्षकांत होरेस वेल्स नावाचा डेंटिस्ट बसला होता. त्याने दुसऱ्याच दिवशी तो गॅस स्वतः हुंगला आणि सोबतच्या डेंटिस्टकडून स्वतःची दाढ काढून घेतली. आजच्या सगळ्या भुलेच्या सुरुवातीला एका डेंटिस्टची स्वतःची दाढ आहे, मुलांना हे फार आवडतं.

नातू साडेतीन वर्षांचा आहे. शेजारणीच्या नातीला म्हणे घरून निघतानाच झोपेचं सिरप पाजलं होतं, दवाखान्यात पोचेपर्यंत ती गुंगलेली होती आणि काम पटकन झालं. आमच्याकडे प्रवासात द्यायला आणलेलं तसलं सिरप फ्रीजमधे आहे, अर्धा चमचा देऊन नेऊ का? (एक आजी, कोल्हापूर)

आजी, नका देऊ. अर्धा चमचा नाही, पाव चमचा नाही.

झोप आणणारं कुठलंही औषध कुणाला किती चढेल हे आधी सांगता येत नाही, तेच औषध, तेच वजन, एक पोर नुसतं सुस्तावतं आणि दुसरं इतकं खोल जातं की मान पडली आणि जीभ मागे गेली तरी त्याला जाग येत नाही. दवाखान्यात हे झालं तर हनुवटी उचलायला, ऑक्सिजन लावायला, उतारा द्यायला माणसं असतात, रिक्षात तुमच्या मांडीवर झालं तर नातू छान झोपलाय असंच वाटणार. असं होऊन मुलं दगावलीत, म्हणूनच सेडेशनचं औषध घरी द्यायचं नाही असं नियमावल्यांत स्पष्ट लिहिलेलं असतं. शिवाय डॉक्टरांना न सांगता दिलं आणि त्यांनी त्यांच्याकडचं वर दिलं तर दोन्ही मिळून काय होईल सांगता येत नाही. सर्दी-खोकल्याच्या काही सिरपनीही झोप येते, तीही त्या दिवशी विचारल्याशिवाय देऊ नका.

पिण्याचं औषध असतं, नाही असं नाही. मिडाझोलॅम म्हणून आहे, वजन करून तेवढंच मोजून दवाखान्यातच पाजतात, चव कडू म्हणून गोड सिरपात मिसळतात, २०-३० मिनिटांत गुंगी येते, आणि मुलाला नंतर फारसं आठवत नाही हा त्याचा मोठा फायदा. त्याला उताराही आहे. पण काही मुलं याने शांत व्हायच्या ऐवजी उलटी चिडतात, आरडाओरडा करतात, हे आधी कळायला मार्ग नाही, तसं झालं तर काम थांबवायचं आणि मूल जागं होईपर्यंत जवळ बसायचं. अजून औषध ओतत बसायचं नाही. फ्रीजमधलं ते सिरप आजच टाकून द्या.

५ वर्षांच्या मुलाचा दात एका दवाखान्यात दोघांनी हातपाय धरून काढला, मला बाहेर बसवलं होतं. त्याला सहा महिने झाले, अजून तो ब्रश करू देत नाही, पांढरा कोट दिसला की थरथरतो. अजून दोन दाढांना कीड आहे, दुखत नाहीत. यापुढे सरळ सेडेशनच मागू का? मला फार अपराधी वाटतं. (एक आई, ठाणे)

तुम्ही अपराधी नाही आहात. तुम्हाला सांगितलं बाहेर बसा, तुम्ही विश्वासाने बसलात. मला वाईट याचं वाटतं की अजून असं होतं, तासाभराचं काम दहा मिनिटांत उरकतं आणि त्याची किंमत ते मूल पुढे कितीतरी वर्षं देत राहतं. तोंडावर आपटून दात निखळलाय, रक्त थांबत नाहीये अशा वेळी दोन मिनिटं हात धरावे लागतात हे मी समजू शकते, तेही आईला जवळ ठेवून, विचारून. ठरवून करायच्या कामासाठी नाही.

दुखत नाहीये ही तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे, म्हणजे आपल्याकडे वेळ आहे. लगेच सेडेशन मागू नका. आधी असा डेंटिस्ट शोधा ज्याने पीडोडोंटिक्समधे, म्हणजे लहान मुलांच्या दातांच्या विषयात, एमडीएस केलंय, फोनवरच सगळं सांगा आणि विचारा की पहिल्या एक-दोन भेटींत काहीच काम न करता नुसतं भेटायला आणू का. जो हो म्हणेल तिथे जा. आम्ही कोट काढून बसतो, तो तुमच्या मांडीवर, आरसा त्याच्या हातात, आधी त्याने माझे दात मोजायचे मग मी त्याचे. सांगायचं, दाखवायचं, मग करायचं, प्रत्येक गोष्ट याच क्रमाने, पाण्याचा फवारा आधी बोटावर मग दातावर. आणि हात वर केला की मी थांबणार असं ठरलेलं असतं आणि मी खरंच थांबते, दहा वेळा केला तर दहा वेळा. ज्या मुलाला धरून ठेवलं होतं त्याला हे थांबणंच हवं असतं.

घरी मात्र ऐकत नाहीस ना, मग नेते डॉक्टरकडे सुई टोचायला, हे वाक्य कुणीही म्हणायचं नाही, गमतीतसुद्धा नाही. काहीच दुखणार नाही असंही म्हणू नका, थोडं दुखलं की तुमचाही विश्वास जातो. आज डॉक्टर दात मोजणारेत, एवढं पुरे. अपॉइंटमेंट सकाळची घ्या, दुपारी झोपेच्या वेळेला तर अजिबात नको.

दोन-तीन भेटींत थरथर कमी झाली तर गॅसवर किंवा नुसतं बोलून होऊन जाईल. नाहीच झाली, किंवा मधेच दाढ दुखायला लागली तर सेडेशन घ्यायचं आणि त्यात कमीपणा काही नाही. धरून करण्यापेक्षा नीट दिलेलं सेडेशन केव्हाही बरं.

मुलगा ९ वर्षांचा, ऑटिझम आहे, बोलत नाही. गेल्या महिन्यापासून गालावर मारून घेतो, आम्हाला दाताचा संशय आहे. कुणी तोंडात बघूच शकलेलं नाही. फिटच्या गोळ्या चालू आहेत. (एक बाबा, नागपूर)

दादा, तुमचा संशय बरोबर असायची शक्यता बरीच आहे, न बोलणारं मूल दुखणं असंच सांगतं. कानही दुखत असू शकतो, तेही बघून घ्या.

इथे मी फार दिवस ओळख वाढवण्यात घालवणार नाही कारण दुखणं चालू आहे. जो डॉक्टर त्याला तपासेल तो कदाचित तपासणी आणि उपचार दोन्ही पूर्ण भुलेतच करू म्हणेल आणि अशा मुलांसाठी ते अगदी योग्य आहे, तुम्ही कुठे कमी पडलात असा त्याचा अर्थ नाही. फक्त भूल देणारच आहोत तर त्याच वेळेत जे जे जागेपणी जमत नाही ते उरकून घ्या. रक्त काढायचं राहिलंय, कान तपासायचाय, बालरोगतज्ज्ञांना आधीच विचारून यादी करा. फिटच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, सकाळचा डोस उपाशीपोटी घोटभर पाण्याबरोबर द्यायचा का ते भूलतज्ज्ञ सांगतील, बहुतेक वेळा द्यायलाच सांगतात. हॉस्पिटलचे, त्या खोलीचे, मास्कचे फोटो मोबाइलवर आणून आठवडाभर आधी रोज दाखवा, मास्क मिळाला तर घरी खेळायला द्या. त्या दिवशी पहिला नंबर मागा, गर्दी नको, वाट बघणं नको.

तुमच्या गावातच शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे, खाजगीत जायच्या आधी तिथे एकदा दाखवा. मुंबईकडच्या वाचकांसाठी, नायर डेंटल आणि शासकीय दंत महाविद्यालय इथेही हा विभाग आहे, गोव्यात बांबोळीला आहे. भूल द्यायची सोय कोणत्या दिवशी, कुठल्या हॉस्पिटलशी जोडून ते तिथेच विचारायला लागेल. नंबर लांबला तर दुखण्याचं औषध काय द्यायचं तेही लिहूनच घ्या. गालाला सूज किंवा ताप दिसला तर नंबरची वाट न बघता इमर्जन्सीत जा.

मुलगी अडीच वर्षांची, पुढचे चार दात किडलेत. डॉक्टर म्हणाले भूल टाळायची असेल तर एक औषध लावतो पण दात काळे होतील. मुलीचे दात काळे, लोक काय म्हणतील? (एक आई, रत्नागिरी)

ते औषध म्हणजे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. कापसाने दात कोरडा करायचा, इवल्याशा ब्रशने एक थेंब लावायचा, सुई नाही, ड्रिल नाही, मिनिटभराचं काम. चांदीने जंतू मरतात, फ्लोराइडने दात टणक होतो, कीड जागच्या जागी थांबते, आणि किडलेला भाग काळा पडतो, चांगला भाग नाही. साधारण सहा महिन्यांनी परत लावतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मधे याला आवश्यक औषधांच्या यादीत घेतलंय. ओठाला लागलं तर काळसर डाग पडतो, तो आठ-पंधरा दिवसांत जातो.

अडीच वर्षांच्या मुलीला भूल टाळता येत असेल तर मी काळे दात घेईन. ती चार-पाच वर्षांची झाली, खुर्चीत बसायला लागली की त्यावर पांढरं फिलिंग करता येतं, आणि तोपर्यंत काळा डाग म्हणजे कीड थांबल्याची खूण. पण कीड दाताच्या नसेला पोचली असेल, हिरडीवर पुळी असेल तर हे औषध पुरेसं नाही, हे आधी एक्स-रे काढून किंवा नीट बघून ठरायला हवं. दाढांसाठीही असाच एक मार्ग आहे, स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल नावाच्या डेंटिस्ट बाईंनी सुरू केलेला, कीड न कोरता, न बधीर करता वरून स्टीलची कॅप दाबून बसवायची, आत कोंडलेल्या किडीला खायला मिळत नाही. तुमच्या डॉक्टरांना हॉल टेक्निक म्हणून विचारा.

लोक काय म्हणतील याचं एकच सांगते, ज्या चार लोकांना तुम्ही काळं औषध लावलंय म्हणून समजावाल त्यातल्या एखादीच्या घरी असंच किडलेल्या दातांचं पोर असेल.

२ वर्षांच्या बाळाला सकाळी ११ ला सेडेशन आहे. अजून अंगावर पितं, रात्रीतून तीनदा. किती वाजता बंद करू? (एक आई, लातूर)

तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळच शेवटची, पण साधा हिशोब असा की आईचं दूध ४ तास आधी बंद, म्हणजे ७ पर्यंत. गाई-म्हशीचं दूध, पावडरचं दूध, बिस्किट, हलकं खाणं ६ तास आधी म्हणजे पहाटे ५ नंतर नाही. साधं पाणी २ तास आधीपर्यंत, म्हणजे ९ पर्यंत. पोटात काही असलं आणि गुंगीत उलटून आलं तर ते फुप्फुसात जातं, म्हणून ही शिस्त. रडतंय म्हणून आजीने हळूच बिस्किट दिलं असेल तर ओरडा खाऊ पण डॉक्टरांना सांगा, तारीख बदलेल इतकंच. आणि विनाकारण रात्रभर उपाशीही ठेवू नका, पहाटे साडेसहाला उठवून पाजा.

नातीचं काम सेडेशनमधे आहे. मी आणि माझा मुलगा जाणार, येताना स्कूटरवर मधे बसवून आणू. अर्ध्या तासाचा रस्ता आहे, चालेल ना? (एक आजोबा, सांगली)

आजोबा, स्कूटर नको. ती जागी दिसली, बोलली तरी वाऱ्याने परत डुलकी लागते, मधे बसलेल्या पोरीची मान छातीवर पडते आणि हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट दुमडते, पुढे चालवणाऱ्याला दिसत नाही आणि मागे बसलेल्याला तिचं तोंड दिसत नाही.

दवाखान्यातूनही घाई करून निघू नका, ती स्वतःहून जागी राहतेय, आधार न घेता बसतेय, पाण्याचे दोन घोट प्यायली, उलटी नाही, एवढं झाल्यावरच निघा. रिक्षा किंवा कार करा. एकाने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने मागे तिच्याशेजारी बसायचं, त्याने फोन घ्यायचा नाही, फक्त तिच्याकडे बघायचं, मान सरळ, तोंड दिसेल असं. घरी झोपली तर कुशीवर झोपवा आणि दर थोड्या वेळाने हाक मारून बघा, उठून चिडली तर चांगलंच आहे. उठवूनही उठत नसेल, ओठ निळसर वाटले, घोरल्यासारखा अडकता आवाज आला तर हनुवटी वर उचला आणि लगेच १०८ ला फोन करा. बधीर केलेला ओठ दोन-तीन तास बधीरच असतो, मुलं गंमत म्हणून चावत बसतात आणि संध्याकाळी ओठ सुजून जखम होते, तोपर्यंत पेज, दही-भात, थंड दूध असं द्या आणि जवळ बसा. त्या दिवशी तिला जिना एकटीने उतरू देऊ नका, सायकल नको, शाळा दुसऱ्या दिवशी.